वरच्या पाव्हण्याच्या तबकड्या

आमच्या अप्पांचा जगात कुणावरच विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ते लपवूनही ठेवत नसत. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आणि मोठ्या काकांची मिळून भुसार मालाची आडत होती. पोत्यात खुपसून आतली ज्वारी बाहेर काढून बघायची ती पोकळ, टोकदार परखी अप्पा हातात घेऊनच जन्मले असावेत, असं आई म्हणायची. वर टपोरे दाणे आणि खाली किडके, अशी पोती लोक भरतात, आणि माणसंही तशीच भरलेली असतात, हे त्यांचं ठाम मत होतं. दूधवाला पाणी घालतो, शिंपी कापड मारतो, आणि आमच्या समाजातलं जे कुणी नमस्कार करताना फार वाकून शरणार्थ म्हणतं ते हमखास काहीतरी मागायला आलेलं असतं. माझा स्वभाव अप्पांवर गेलाय असं माझ्या सुना स्वयंपाकघरात एकमेकींना सांगतात. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. मी तसं वाटू देते.

अशा माणसाच्या घरात वरच्या खोलीत एक परदेशी बिऱ्हाडकरू राहिला, तो केवळ काकांमुळे. काका अप्पांचे थोरले भाऊ, अप्पा त्यांना अण्णा म्हणायचे. काकू फार लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. डोळे अधू झाल्यापासून त्यांनी मोंढ्यात जाणं सोडलं होतं आणि दिवसभर ओट्यावर बसून मांडीवर ठेका धरत असायचे. आमच्या शिवभजनी मंडळात मृदंग त्यांचाच. एका दुपारी एक उंच, काळाभोर, पांढऱ्या शर्टातला माणूस ओट्यासमोर येऊन इंग्रजीत खोली मागायला लागला. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, इंग्रजी मोडकंतोडकं यायचं. तो नायजेरियाचा होता, एमेका नावाचा, आणि कृषी विद्यापीठात ज्वारीवर शिकायला आला होता. मी हे काकांना सांगेपर्यंत काकांनी खोली देऊन टाकली होती. कशामुळं दिली, असं मी विचारलं तर म्हणाले, "चालत आला तवा त्याची पावलं ऐकलीस का? एक बी पाऊल बेताल न्हाई."

संध्याकाळी अप्पा मोंढ्यातून आले आणि घरात आग्यामोहोळ उठलं. "अण्णा, कोन हाय, कोन न्हाई, खोली देऊन मोकळे झालात? ज्वारी शिकायला समुद्र वलांडून आलाय म्हनं! ह्ये पटतंय तुमाला?" त्यांनी मला पुढं घातलं आणि जिना चढून त्याची उलटतपासणी सुरू केली. तुमच्याकडं ज्वारी होत नाही का, हा पहिला प्रश्न. एमेका हसून म्हणाला, होते की, ज्वारी मुळात आमच्याच खंडातली. फार जुन्या काळी तिकडून तुमच्याकडं आली. मी जिवावर उदार होऊन हे मराठीत सांगितलं. अप्पा खाली आले, हातपाय धुतले, ताटावर बसले, भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि त्याच्याकडं बघत म्हणाले, "आज ज्वारी त्यांची म्हनायलाय. उद्या आडत बी त्यांचीच म्हनंल." त्या दिवसापासून अप्पांच्या तोंडी तो 'वरचा' झाला आणि काकांच्या तोंडी 'पाव्हणा'. माझ्यावर काम आलं ते असं, की काका आणि तो बोलतील तेव्हा मधे दुभाष्या म्हणून बसायचं आणि संध्याकाळी अप्पांना सगळं सांगायचं.

आईचा संशय वेगळा होता. आमच्या घरात कांद्याचासुद्धा वास दाराबाहेर जाऊ नये असं सोवळं, आणि वर स्टोव्ह पेटला की ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून नाक वर करायची. मटण शिजवतोय का मासे, हे तिला कळून घ्यायचं होतं. शिजायचं काय, तर भात आणि टमाट्याचं लालभडक कालवण. एकदा मिरची संपली म्हणून तो वाटी घेऊन खाली आला. आईनं परीक्षा बघावी तसा वरवंट्याखालचा ताजा ठेचा भाकरीवर घालून दिला. त्यानं तो उभ्याउभ्या खाल्ला, डोळ्यात पाणी नाही की नाकात नाही, आणि वाटी पुन्हा पुढं केली. आई त्यानंतर जिन्याशी उभी राहिली नाही. पण तिनं अप्पांना सांगितलं, "खान्याला चांगला हाय. बाकीचं तुमी बगा."

बाकीचं म्हणजे तबकड्या. त्याच्याकडं झाकणात कर्णा बसवलेली एक पेटी होती, उघडली की तबकडी फिरायची, आणि पुठ्ठ्याच्या मोठाल्या पाकिटातल्या तबकड्यांची एक चवड. पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा आमचा अख्खा बोळ दारात आला. ढोल म्हणावा तर ढोल नाही, सनई म्हणावी तर सनई नाही, कुठल्या लग्नाचं म्हणावं तर लग्न नाही. आमच्याकडं विजेचं काही खरं नसायचं. दाब कमी झाला की गाणारा एकाएकी म्हातारा व्हायचा, घोगरा आवाज काढत रेंगाळायचा, आणि वीज आली की पुन्हा तरणा होऊन पळायला लागायचा. समोरच्या बाईंनी हा भुताटकीचा प्रकार आहे असं जाहीर केलं.

पाव्हण्याची एक रीत होती. कुणालाही कुठलीही तबकडी तो ऐकवत नसे. आधी माणसाला विचारायचा, तुम्ही काय करता, काय वाजवता, सकाळी कितीला उठता, आणि मग चवडीतून एक काढायचा. हिच्यापासून सुरू करा, ही पचली की ती, आणि ती तिसरी इतक्यात मागू नका. माझे काका वैद्याकडचं औषध घ्यावं तसं हे पथ्य पाळायचे. पाकिटांवरची नावं इंग्रजीत, काकांना ती उपयोगाची नव्हती, म्हणून मी चित्र सांगायचे आणि त्यावरून नावं पडली. चष्मेवाली, धुरवाली, पिवळी. काकांना त्यानं आधी चष्मेवाली दिली. ती नाचायच्या गाण्यांची होती, आणि तिच्यात सगळे वाजवणारे भांडल्यासारखे आपापलं वाजवत पहिल्या मात्रेवर मात्र एकदम येऊन आदळायचे. काका मांडीवर थाप मारून ओरडले, "समेवर आला बग! कितीबी बोंबलत हिंडू दे, समंला घरी येतोय!" पिवळी त्याच्या स्वतःच्या गावची. तिच्या एका बाजूला एकच गाणं, आणि अर्धी बाजू सरली तरी गाणारा तोंडच उघडायचा नाही. मला तो घसा बसलेला असावा असं वाटलं. काका म्हणाले, "घाई कामून करायलीस? आधी ठेका बसू देयलाय तो. भजनात आमी बी तसंच करतो." धुरवालीवर एक माणूस डोळे मिटून पितळी वाद्य फुंकत होता आणि त्याच्या तोंडाभोवती सिगारेटचा धूर. ती काकांनी कितीतरी दिवस ऐकली, आणि एवढंच म्हणाले, की हा माणूस एकटा आहे.

आता माझ्या नातवाचा फोन मला गाणी सुचवतो. एक ऐकलं की खाली चार मांडून ठेवतो. मी काय करते, कितीला उठते, हे त्यानं मला कधी विचारलं नाही, मग ह्याला कसं ठाऊक? मी तो पालथा ठेवते. मला कुणी विचारलंच तर मी अजूनही पाव्हण्याच्या क्रमानं सांगते, आधी चष्मेवाली, मग पिवळी, आणि धुरवाली दुःखाचा एखादा अनुभव असल्याशिवाय नको. वाजवणाऱ्यांची खरी नावं मी इथं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली तर लोक शोधून ऐकतील आणि मग येऊन मला सांगतील की तुम्ही म्हणता तसं त्यात काही नाही.

दिवस नामांतराचे होते. कधी दुकानं बंद, कधी एसट्या बंद, आणि रोज नवी आवई. ओळखीचा माणूससुद्धा आधी कुठल्या बाजूचा ते बघून बोलायचा. त्यात आमच्या वरच्या खोलीतून एक माणूस काहीतरी म्हणतो आणि दहा माणसं त्याच्यामागून तेच ओरडतात, हे बोळातल्या कुणाला तरी घोषणांसारखं वाटलं. एक हवालदार आला. त्यानं पिवळी पूर्ण ऐकली, टोपी मांडीवर ठेवून. मग मला विचारलं, "काय म्हनायलाय ह्यो?" मी पाव्हण्याला विचारलं. पाव्हणा अगदी सरळपणे म्हणाला, की हा गायक आमच्या देशातल्या पोलिसांना आणि शिपायांना शिव्या देतोय. मी हवालदाराला सांगितलं, "पीकपाण्याचं गाणं आहे." हवालदारानं मान हलवली. "त्यांच्याकडं बी पाऊस न्हाई म्हना की," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. संध्याकाळी हे मी अप्पांना सांगितलं नाही. अप्पा मात्र मला म्हणाले, "हवालदार इतक्यात कसा काय गेला? काहीतरी पानी मुरायलंय."

ह्या ऐकण्यात पुढं दोन माणसं वाढली. एक कादरभाई, लग्नात बँड वाजवणाऱ्या पार्टीचे मालक, काकांचे जुने दोस्त. ते आधी तबकडीवरच संशय घेऊन बसले. "इत्ता लंबा दम आदमी का नै होता काका, ये मशीन का खेल है." दुसरा त्यांचा ट्रंपेटवाला लखू. गंगाखेडकडच्या एका खेड्यात त्याचं घर नामांतराच्या दंगलीत जळालं होतं, आणि म्हातारी आई घेऊन तो परभणीच्या वस्तीत राहायला आला होता. लखू वरच्या खोलीत तबकडी ऐकून ट्रंपेट वाजवत दाराजवळच बसायचा, पाठ भिंतीला लावून, जिन्यावर पाय वाजला की वाजवणं तोडून वळून बघायचा. संशय आमच्या घरातही होता, पण आमच्या संशयाला दुधातलं पाणी पुरायचं. त्याचा संशय अनुभवाचा होता. आमच्यात जात नसते असं आम्ही भजनात गायचो, आणि लखूनं चहा प्यालेला कप आई वेगळ्या फळीवर ठेवायची. काकांना ते दिसत नव्हतं. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी खाली येऊन चाचपडत तो कप शोधला आणि त्यातून स्वतः चहा मागितला. आईनं दिला, पण चेहरा पाडून.

त्या हिवाळ्यात काकांच्या छातीनं दगा दिला. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची, म्हणून पाव्हण्यानंच पेटी खाली काकांच्या खाटेशी आणली. आणि चवडीच्या अगदी तळाची तबकडी काढली, जी त्यानं तोवर कुणाला दिली नव्हती. बँडच होता तो, आपल्यासारखा, ट्रंपेट, ढोल, झांजा. एका बाजूला फार संथ, पाय ओढत चालल्यासारखं. दुसऱ्या बाजूला तीच माणसं एकदम उसळून, नाचत. काकांनी विचारलं, हे असं दोन जिवांचं कामून वाजवतात? पाव्हण्यानं सांगितलं आणि मी मराठीत आणलं: अमेरिकेत एक बंदराचं गाव आहे, तिथली आमच्या वंशाची माणसं आपलं मेलेलं माणूस बँड लावून नेतात. नेताना संथ वाजवतात. पुरून परत येताना हे असं. आमच्यात तर मेलेल्या माणसाला आडवंही नेत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात आणि फुलांच्या विमानातून, म्हणजे सजवलेल्या डोलीतून, भजन म्हणत मिरवत नेतात, तसंच बसवून पुरतात. येताना मात्र आम्ही सगळे माना खाली घालून गप येतो. काका म्हणाले, "म्हंजी निम्मं आपलंच हाय की. निम्मं आपन इसरलो."

लखू रोज खाटेशी येऊन ती दुसऱ्या बाजूची चाल ट्रंपेटवर बसवायला लागला. आणि मग घोळ झाला. काकांनी अप्पांना खाटेशी बोलावलं. मी होते, आई होती, पाव्हणा होता, कादरभाई होते. "महालिंगा, जाताना भजन हायच. येताना कादरकडून ती परतीची चाल वाजवून घे. लखूला येतीय आता. तुमी सगळे खालमानेनं घरला याल, ते मला आवडायचं न्हाई." अप्पा म्हणाले, "बगू." काका म्हणाले, "बगू न्हाई. हो म्हन." अप्पा हो म्हणाले नाहीत. खोकल्याचं औषध आणतो म्हणून बाहेर पडले.

स्वयंपाकघरात त्यांनी आईला जे सांगितलं ते मी चुलीपुढं बसून ऐकलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता, तसा मी कधी ऐकला नव्हता. "अण्णाला लेकरूबाळ न्हाई. त्यांच्या माघारी आडत माझ्या एकट्याची. आन मी भावाला पुरून बँड वाजवत घरला आलो, तर मोंढा काय म्हनंल? हिस्सा मोकळा झाला म्हनून नाचायलाय म्हनतील. जलमभर म्हनतील." आई म्हणाली, म्हणतीलच. ती खोटं कशाला बोलेल? अप्पा दुसऱ्याच्या पोत्यात जे शोधायचे तेच दुसरे त्यांच्या पोत्यात शोधणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि मला त्या क्षणी त्यांची फार कीव आली. मग ते माझ्याकडं वळले. "जा, इचार त्याला. ह्ये खूळ अण्णाच्या डोस्क्यात कामून घातलं म्हनावं." मी विचारलं. पाव्हणा म्हणाला, "मी फक्त तबकडी लावली. विचारलं ते सांगितलं." अप्पांनी उत्तर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याला सांग, दुसरी खोली बग."

खोली बघायला वेळच मिळाला नाही. काका एका सकाळी चहाच्या आधीच गेले. विधी करायला जंगम आले, मंडळ आलं, सगळा मोंढा आला. काकांना भिंतीशी टेकवून बसवलं तेव्हा त्यांचा एक हात मांडीवर असा पडला होता की आता थाप पडेल असं मला वाटत राहिलं. भजन म्हणत नेलं. आमच्यात बायकांनाही जाता येतं, मी गेले. मृदंग त्या दिवशी दुसऱ्यानं वाजवला आणि तो प्रत्येक वळणावर मागं पडत होता, त्याचा मला राग येत होता आणि रागामुळं रडू येत नव्हतं.

माती टाकून आम्ही बाहेर आलो तर रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बँड उभा. कुणी बोलावला नव्हता. गणवेश नाही, साधे कपडे, वाद्यं काखेत. पाव्हणा त्यांच्यापासून बाजूला उभा होता, हात मागं बांधून. कादरभाई पुढं झाले. "मालिक, काका को जबान दिया था. आप बोले तो बजाते. नै बोले तो ऐसेच पीछे चलते." सगळे थांबले. लखू ट्रंपेट छातीशी धरून अप्पांकडं नाही, अप्पांच्या मागच्या लोकांकडं बघत होता, आणि मीही तिकडं बघितलं. पांढऱ्या टोप्यांची ती गर्दी. कुणी घसा खाकरला, कुणी शेजाऱ्याला कोपर मारलं. अप्पांनी एकेकाच्या तोंडाकडं निरखून बघितलं, मोंढ्यात आलेल्या नव्या मालाकडं बघावं तसं. त्यांच्या मेहुण्यांनी पुढं येऊन खांद्यावर हात ठेवला. "महालिंगआप्पा, ह्ये बरं दिसायचं न्हाई."

"कुनाला?" अप्पा म्हणाले.

मेहुण्यांनी मागच्या गर्दीकडं बघितलं. अप्पांनी खांद्यावरचा हात काढला आणि कादरभाईंना म्हणाले, "वाजवा. भावाचा शब्द हाय."

फार चांगलं वाजलं असं मी म्हणणार नाही. लखूचा पहिला सूर फाटला, दुसरा लागला. ढोलवाल्याला लग्नाचीच सवय, म्हणून निम्मी चाल तबकडीची झाली आणि निम्मी वरातीची. पण ती पायात शिरली. मंडळाचे टाळकरी आधी घाबरत आणि मग मोकळेपणानं त्यात मिसळले. पाव्हणा मागून टाळ्या वाजवत आला. लखू आमच्या बोळातून सगळ्यांच्या पुढं, आमच्या दारापर्यंत वाजवत आला, आणि ह्या वेळी त्यानं मागं वळून बघितलं नाही. अप्पा त्याच्यामागं ताठ मानेनं चालत होते आणि ढसाढसा रडत होते, तोंड न पुसता. मलाही तेव्हाच रडू आलं, आणि त्या रडण्यात सुखही होतं, हे मी आज म्हातारपणी सांगायला भीत नाही.

अप्पांनी ज्याची धास्ती घेतली होती ते सगळं अक्षरशः खरं झालं. आठवडाही गेला नसेल, मोंढ्यात बोललं जायला लागलं, की थोरला पुरला आणि धाकटा वाजवत आला. काहींनी त्यात अप्पांनी पेढे वाटल्याचंही घातलं. दोन जुन्या शेतकऱ्यांनी माल दुसऱ्या आडतीवर नेला. अप्पांनी कुणाला काही खुलासा केला नाही. पाव्हण्याला खोली सोडायचंही पुन्हा कधी म्हणाले नाहीत. शिक्षण संपवून तो गेला तेव्हा एकही तबकडी मागं न ठेवता सगळी चवड घेऊन गेला, आणि अप्पांनी त्याची तारीफ केली, की फुकट काही देत नाही, म्हणजे माणूस सरळ असावा.

त्याच वर्षी मला पाथरीकडचं एक स्थळ आलं. मोठं घर, कापडाचं दुकान, मुलगा दिसायला बरा. मला तो आवडला होता, हेही सांगून टाकते. पोहे झाले, चहा झाला, आणि निघायच्या वेळी मुलाच्या वडलांनी पानाला चुना लावता लावता सहज विचारल्यासारखं विचारलं, "आप्पा, कानावर आलं होतं. भावाला पुरून येताना तुमी बँड लावला म्हनं? आमी म्हनलं, लोक काय बी उठवतात. खोटंच असंल."

खोटंच आहे म्हणायला अप्पांना आयतं दार उघडून दिलं होतं. आईचा हात पदराशी थांबला. मी दाराआड उभी होते.

"लावला," अप्पा म्हणाले. "दारापर्यंत लावला."

पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. घरी विचारून कळवतो म्हणाले आणि गेले, आणि त्यांनी काही कळवलं नाही. आई दोन दिवस अप्पांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना अप्पांनी भाकरी मोडली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "गेलं ते बरं झालं. लय संशयी मानसं. असल्या घरात लेक देऊ नये."